माइकवर सांगता येईन का?

"हे माइकवर सांगता येईन का?"

चष्मा कपाळावर सरकवून त्या एवढंच विचारायच्या. आवाज चढवायच्या नाहीत. उलट त्यात असा गोडवा असायचा, की समोरच्याला वाटावं बाई चहाला थांबायचा आग्रह करताहेत. तोवर त्यांचा डावा हात मात्र माझ्याकडे वळून खूण करत असायचा: सर, उठा, माइक लावा.

मी उठायचो. कारण शाळेचा माइक माझ्या ताब्यात होता. मी चित्रकलेचा शिक्षक, आणि चित्रकलेच्या शिक्षकाला शाळेत चित्रकला सोडून बाकी सगळं करावं लागतं, हे तुम्हालाही ठाऊक असेल. गॅदरिंगचा पडदा, झेंडावंदनाची रांगोळी, फळ्यावरचा सुविचार आणि परिपाठाचा माइक. त्या माइकची तार मधूनमधून दगा द्यायची. ती कुठे दाबून धरली की आवाज येतो, ते मला एकट्याला माहीत. त्यामुळे मोठ्या बाईंच्या काळात जे जे घडलं, ते मी तार दाबून धरून अगदी जवळून पाहिलं.

मोठ्या बाई म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका. त्यांचं नाव कोणी घेत नसे. समुद्रपूर तालुक्यातलं आमचं गाव जामच्या चौकापासून थोडं आत. हायवेवरच्या ट्रकांचे हॉर्न परिपाठात नेमके 'सावधान' म्हटल्यावर ऐकू येतात आणि पोरं हसतात. अशा शाळेत बाई बदलून आल्या. बुटक्या, अंगानं भरलेल्या, सुती पातळ घोट्याच्या वर खोचलेलं, पर्समध्ये खडूच्या शेजारी अर्धा खाल्लेला पेरू. माहेर भाजीवाल्या शेतकऱ्याचं, त्यामुळे माणूसही त्या वांगं पाहावं तसा पाहायच्या. आधी देठ.

आल्यावर पहिल्याच आठवड्यात त्यांनी स्वतःवर प्रयोग केला. त्या दिवशी प्रार्थना होऊन गेल्यावर त्यांची स्कूटी फाटकातून आत आली. एखादी मुख्याध्यापिका मागच्या दारानं ऑफिसात शिरली असती. या सरळ माझ्याजवळ आल्या, धापा टाकत माइक घेतला आणि म्हणाल्या, "मुलांनो, आज मोठ्या बाईंना उशीर झाला. कारण, वांग्याची भाजी जळली आणि दुसरी करावी लागली. पहिली कुत्र्यानंही खाल्ली नाही. उशिरा येणाऱ्यांच्या रांगेत मी उद्या उभी राहीन."

आणि राहिल्या. दुसऱ्या दिवशी चार उडाणटप्पू पोरांच्या शेवटी, हात पाठीमागे बांधून. त्या रांगेत त्या दिवशी उभं राहायला मिळावं म्हणून काही हुशार मुलंही मुद्दाम उशिरा आली होती.

पोषण आहाराची खिचडी आधी शिक्षकांनी चाखून पाहायची असते. बाईंनी एकदा चाखता चाखता ताटभर खाल्ली. दुपारी माइक. "आज मी चव दोनदा घेतली. दुसऱ्यांदा गरज नव्हती. पण शांताबाईंच्या हाताला आज काय झालतं कोण जाणे!" खिचडी शिजवणाऱ्या शांताबाई पदर तोंडाला लावून आत पळाल्या. त्यानंतर महिनाभर खिचडी अशी व्हायची, की सगळा स्टाफ डबा विसरून यायला लागला.

हे झालं गमतीचं. पण हा माइक हळूहळू लोकांच्या अंगावर यायला लागला.

आमच्या संस्थेचे सचिव म्हणजे सचिवभाऊ. स्वभावानं वाईट नाहीत, पण शाळा ही आपल्या घराची ओसरी आहे असं त्यांना वाटायचं. एकदा ते ऑफिसात येऊन बसले. त्यांच्या साळ्याचा मुलगा नववीतून दहावीत गेला होता, ब तुकडीत. त्याला अ तुकडीत घ्यायचं होतं. अ तुकडीचं गणित झाडे सर शिकवायचे, आणि झाडे सरांचं गणित म्हणजे काय होतं ते सांगतो पुढे.

"घेऊ ना भाऊ," बाई म्हणाल्या. "एकच अडचण हाय. अ तुकडी भरली. एकाले बाहेर काढा लागते. कोणाले काढू?"

"तुमी पाहा ना. कोणालेही काढा. एखादं गरीब पोरगं असन."

"चालते. उद्या परिपाठात येजा. त्या पोराचं नाव घेजा आणि कारणही सांगजा. माइकवर सांगता येईन ना?"

सचिवभाऊ हसले. त्यांना वाटलं, बाई गंमत करून राहिल्या. बाईंनी मला हाक मारली, "सर, माइक आताच पाहून घ्या बरं, उद्या भाऊ बोलणार हायेत." मी खरोखर स्टँड उचलून आणला. सचिवभाऊंनी एकदा स्टँडकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि कपात अर्धा चहा ठेवून ते उठले. पोरगं ब तुकडीतच राहिलं.

दुसऱ्या वेळी एक पुढारी आले. त्यांच्या वाढदिवसाला शाळेची पोरं चौकात दोन्ही बाजूंनी उभी करायची होती, हातात झेंडे देऊन. बाईंनी नाही म्हटलं नाही. "तुमीच सांगा त्याईले. माइक चालू हाय." मुलं ओळीत बसलेली होती. पुढाऱ्यांनी माइक घेतला, घसा साफ केला. पुढच्याच ओळीत पाचवीतली एक चिमुरडी तोंड उघडं टाकून त्यांच्याकडे पाहत होती. पुढाऱ्यांनी तिच्याकडे पाहिलं, आणि काय झालं कोण जाणे, म्हणाले, "विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही... तुम्ही खूप अभ्यास करा." आणि गाडीत बसून गेले.

"पाह्यलं सर?" बाई मला म्हणाल्या. "हातात माइक आणि समोर पोरं आली की माणूस अर्धा शहाणा होते. उरलेल्या अर्ध्याचं आपल्या हातात नाई."

अशा माणसाचे शत्रू तयार होतात ते राग आल्यामुळे नाही, हसू झाल्यामुळे. ते राग विसरतात, हसू विसरत नाहीत. सचिवभाऊ विसरले नव्हते.

आता झाडे सर. उंच, वाळके, खिशात कायम खडू. धोब्याकडून आलेल्या शर्टाचाही खिसा पांढरा. पुस्तक न उघडता शिकवायचे. गणित चुकलेल्या मुलाला मारायचे नाहीत, म्हणायचे, "लेका, तू चुकला नाई, तू लवकर थांबला." गिरडकडची, जामकडची माणसं आपली पोरं आमच्या शाळेत घालायची ती झाडे सरांसाठी. गिरडच्या जत्रेला जाऊन दर्ग्याच्या टेकडीवर नवस बोलणाऱ्या आया खाली उतरल्यावर सरांच्याही पाया पडून जायच्या. दोन्हीकडून खात्री असलेली बरी. सरांना निवृत्त व्हायला ते शेवटचं वर्ष होतं.

पोळा होऊन गेला होता. मधल्या सुट्टीत दहावीची पौर्णिमा ऑफिसच्या दारात उभी राहिली. भाजीवाल्याची पोरगी, तोंडाळ, पण त्या दिवशी ओढणीचं टोक चावत होती. मी आत फलक लिहीत बसलो होतो.

"बाई, झाडे सरांनी आज कालचंच शिकवलं."

"उजळणी असन."

"काल परवाचं शिकवलतं." मग ती रडायलाच लागली. "आमी सांगत नाई कोणाले. सर थांबले की आमी पुढचं हळूच सांगतो. म्हणजे सरांना वाटते त्याईलेच आठवलं. पण बाई, धडा पुढे जातच नाई. आता बोर्डाचं वर्ष हाय."

बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला नाही. उलट खाली घेतला आणि बराच वेळ पुसत राहिल्या. मग पौर्णिमेला म्हणाल्या, "तू चुगली नाई केली, बेटा. जाय, पाणी पी."

पुढचा आठवडाभर बाई दहावी अ च्या मागच्या बाकावर जाऊन बसायच्या. निमित्त, छत गळतं का ते पाहायचंय. पाऊस नव्हता, तरी कोणी काही विचारलं नाही. एकदा त्यांनी मलाही नेलं. सर समीकरण मांडत होते. झरझर, देखणं अक्षर. मग अर्ध्यावर खडू थांबला. सर फळ्याकडे पाहत राहिले, जसं एखाद्यानं आपल्याच घराचं दार ओळखू नये. पहिल्या बाकावरून कोणी तरी, जणू स्वतःशीच पुटपुटल्यासारखं म्हणालं, "आता दोन्ही बाजूंनी भागायचं." खडू पुन्हा चालू झाला. "शाब्बास," सर म्हणाले, "म्हणजे तुमचं लक्ष हाय." अख्खा वर्ग हसला, आणि त्यातला एकही जण खरा हसत नव्हता.

बाहेर आल्यावर बाई एवढंच म्हणाल्या, "सर, आजपासून तुमी बहिरे आणि आंधळे. जमन?"

"जमन," मी म्हटलं.

रविवारी दुपारी मी त्यांना मोटारसायकलवर झाडे सरांच्या घरी घेऊन गेलो. सर अंगणात शेवग्याच्या सावलीत बसले होते. काकूंनी, म्हणजे सरांच्या बायकोनं, बाईंचं तोंड पाहिलं आणि पाणी द्यायच्या आधीच ओटीवर बसून डोळ्याला पदर लावला. म्हणजे त्यांना माहीत होतं. वर्ध्याच्या डॉक्टरांना दाखवूनही झालं होतं. हे वाढत जाणार, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं.

बाईंनी आडवळण घेतलं नाही. "सर, दहावीचं गणित उद्यापासून मी नव्या मॅडमले देऊन राह्यली."

सर ताडकन उठले. "काऊन? माया हातून चुकलं काय? आजवर एक तरी पालक तक्रार घेऊन आलता काय?"

"नाई आला."

"मग?"

"पोरं तुमाले सांभाळून राह्यली सर. तुमी थांबले की पुढचं सांगतात. इतका जीव लावतात तुमाले. पण त्याईचं हे वय सांभाळायचं नाई, शिकायचं हाय."

सर उभेच राहिले. मग हळूहळू खाली बसले. शेवग्याची बारीक पानं त्यांच्या डोक्यावर पडत होती, ती त्यांनी झटकली नाहीत. म्हणाले, "मले वाटत होतं, यंदाची बॅच लय हुशार हाय."

"हायच," बाई म्हणाल्या.

"लोकाईले काय सांगान?"

"काईच नाई."

"मले इज्जतीनं जाऊ द्या बाई. एवढं वर्ष."

"शब्द देते."

परत येताना जामच्या चौकात ट्रक आडवा आला म्हणून थांबलो, तेव्हा मागून आवाज आला, "सर, मोठी पंचाईत झाली. हे माइकवर सांगता येत नाई." मला वाटलं आता हसतील. हसल्या नाहीत.

पंचाईत होती ती दुहेरी. नव्या मॅडम बाईंच्या चुलतबहिणीची मुलगी. संस्थेनं तिला ब तुकडीच्या गणितासाठी तासाप्रमाणे नेमलं होतं, आणि ती आली त्याच दिवशी बाईंनी परिपाठात सांगून टाकलं होतं, "नव्या मॅडम माझ्या नात्यातल्या आहेत. निवडीत मी नव्हते. तरी त्यांच्यावर लक्ष ठेवा, आणि माझ्यावरही ठेवा." गावाला हे तेव्हा फार आवडलं होतं. आता गावानं तेच वाक्य उलटं धरलं. झाडे सरांकडून दहावी काढली आणि भाचीला दिली! शाळेत गणित येणारं तिसरं कोणी नव्हतंच, ही साधी गोष्ट कोणाच्या लक्षात आली नाही. साधी गोष्ट लक्षात आली तर चर्चेत मजा राहत नाही.

पानठेल्यावर, पिठाच्या गिरणीवर, एसटीच्या थांब्यावर एकच विषय. विज्ञानाचे कुबडे सर, जे बाईंच्या प्रत्येक विनोदाला पहिले हसायचे, ते स्टाफरूममध्ये म्हणाले, "शेवटी सगळे सारखेच." मला तोंड शिवून बसावं लागलं. फार जड गेलं. बहिऱ्या आंधळ्याचं सोंग वठवता येतं, मुक्याचं वठवणं कठीण.

मी बाईंना एकदा विचारलं, "पोरांना तरी गप्प राहायला सांगितलं काय?"

त्या चिडल्या. मी त्यांना चिडलेलं पाहिलं ते तेव्हाच. "पोराईले मी लपवायले सांगू? कोणी इचारलं तर खरं सांगजा, असं सांगून आली मी वर्गात. तुमचं तुमी ठरवा म्हटलं."

आणि गंमत पाहा. गावानं मला विचारलं, शिपायाला विचारलं, शांताबाईंना विचारलं, नव्या मॅडमच्या घरमालकाला विचारलं. ज्या पोरांच्या भल्यासाठी सगळं गाव पेटलं होतं, त्या पोरांना एकानंही विचारलं नाही.

झाडे सरांना बाईंनी सहावीचा भूमितीचा तास दिला आणि सोबत मला. 'भूमिती आणि चित्रकला एकत्र' असा नवा उपक्रम त्यांनी तयार केला, सूचनाफलकावर लावला, आणि तालुक्याच्या साहेबांनी भेटीत त्याचं कौतुकही केलं. एके दिवशी सरांना 'वर्तुळ' हा शब्दच सापडेना. ते, ते, म्हणत त्यांनी हात हवेत फिरवला. मग वळले आणि फळ्यावर एका दमात, कंपास न घेता, असं वर्तुळ काढलं की सहावीची पोरं 'ओऽऽ' करून ओरडली. मी इतकी वर्षं हात घासतोय, मला अजून तसं जमत नाही.

दिवाळीनंतर पालकसभा झाली. एरवी पालकसभेला वीस माणसं येतात, त्यातली निम्मी सावलीसाठी. त्या दिवशी मैदान भरलं होतं. सचिवभाऊ अध्यक्ष. झाडे सर पहिल्या रांगेत, काकूंनी इस्त्री करून दिलेल्या पांढऱ्या शर्टात. सचिवभाऊंनी छान भाषण केलं. मग माइक स्टँडवरून काढला, चालत बाईंपाशी आले आणि अगदी त्यांच्यासारखाच गोड आवाज काढून म्हणाले,

"बाई, तुमीच आमाले शिकवलं. जे खरं हाय ते माइकवर सांगता येते. तर सांगा. झाडे सराईची दहावी काऊन काढली?"

टाळ्या पडल्या. खरं सांगायचं तर घाव फर्मास होता. बाईंनाही तो आवडला असावा, कारण त्यांच्या ओठाचा कोपरा हलला. त्यांनी माइक घेतला. मी तार दाबून धरली होती. वाटलं, सोडून द्यावी. म्हणतील माइक बिघडला. पण बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी आणखी घट्ट धरली.

"नाही सांगता येत," बाई म्हणाल्या.

मैदानात गलका झाला. "म्हणजे चूक हाय," सचिवभाऊ म्हणाले. "तुमच्याच नियमानं."

"माझ्या नियमानं चूक दिसते, खरं आहे. नियम माझाच होता आणि तो इथे तोकडा पडला. पण दहावीला नव्या मॅडमच शिकवतील. मी या खुर्चीवर आहे तोवर."

"भाची म्हणून?" मागून कोणी तरी ओरडलं.

तेवढ्यात झाडे सर उभे राहिले.

सर म्हणाले, "मी सांगतो. ऐका. गोष्ट अशी हाय का..." आणि थांबले. मी तो थांबा ओळखला. वर्गात फळ्यासमोर पाहिलेलाच. सरांची नजर मांडवावर, माणसांवर, स्वतःच्या हातावर फिरली. आपण कशासाठी उठलो, ते त्यांना सापडत नव्हतं. पुढचं हळूच सांगायला पहिल्या बाकावर कोणी नव्हतं. आणखी एक क्षण गेला असता तर सगळ्या गावाला कळलं असतं.

"सर, बसा!" बाई माइकवर कडाडल्या. "तुमचा माझ्यावर राग आहे, मला माहीत आहे. पण भर सभेत मला बोलायचं नाही. मी मुख्याध्यापिका आहे. खाली बसा!"

लोकांना वाटलं, सर बोलायला उठले आणि या बयेनं त्यांचं तोंड बंद केलं. 'शेम शेम' सुरू झालं. कोणी तरी झाडे सरांचा जयजयकार केला. सर गोंधळून इकडेतिकडे पाहत खाली बसले, आणि लोक त्यांच्या संयमाचं कौतुक करायला लागले. काकू दूर बायकांमध्ये बसल्या होत्या. त्यांनी जागेवरूनच बाईंना हात जोडले, आणि बाजूच्या बाईला वाटलं, त्या देवाला जोडताहेत.

महिन्याभरात बाईंची बदली झाली. संस्थेची एक लहान शाखा कारंजा घाडगेकडे आहे, टिनाच्या खोल्या, शेजारी ढाबा. तिथे. जाण्याच्या दिवशी झाडे सर सकाळीच शाळेत आले. त्या दिवशी त्यांचं डोकं स्वच्छ होतं. म्हणाले, "बाई, मी आज सगळ्याईले सांगतो. तुमी जाऊ नका."

"सांगायचं तर सांगा सर. तुमची गोष्ट हाय, तुमचा हक्क हाय. पण मायासाठी नका सांगू. मले कारंजा जवळ पडते."

कारंजा त्यांना कुठूनच जवळ पडत नव्हतं.

सर परिपाठाला थांबले. प्रार्थना झाली, प्रतिज्ञा झाली, मी माइक घेऊन वाट पाहिली. सर मुलांकडे पाहून हसले आणि निघून गेले. ते विसरले, की त्यांनी सांगायचं नाही असं ठरवलं, मला आजही ठाऊक नाही. बाईंनीही कधी विचारू दिलं नाही.

त्या वर्षीचा दहावीचा निकाल बरा लागला. झाडे सरांच्या हाताचा लागायचा तसा डोळे दिपवणारा नाही. नवी मॅडम पोरगेलीच होती. तिनं रविवारीही वर्ग घेतले, पोरांनी मान मोडून अभ्यास केला, आणि तरी काही जण घसरले. गाव म्हणालं, सर असते तर. ते ऐकून कारंजाहून बाईंचा मला फोन आला. "पोरांनी केलं ते पोरांचं, सर. घसरले ते मायं. असं मनातल्या मनात लिहून ठेवा."

झाडे सरांच्या निरोपाला मांडव पडला. शाल, श्रीफळ, फेटा. सचिवभाऊंचं भाषण. सरांनीही छान भाषण केलं, आपल्या पहिल्या वर्गाची आठवण सांगितली. मग थोडं थांबून तीच आठवण पुन्हा सुरू केली. तोच मागून टाळ्या सुरू झाल्या. पौर्णिमा आणि तिची बॅच. त्या पोरांनी अशा टाळ्या वाजवल्या, अशा शिट्ट्या मारल्या, की सरांना बोलताच येईना, ते हसत हसत खाली बसले. सचिवभाऊ म्हणाले, "पाहा, हे प्रेम!" या माणसानं आयुष्यात बोललेलं हे एवढं एक वाक्य शंभर टक्के खरं होतं.

त्यालाही आता काही वर्षं झाली. सरांचा आजार झाकण्यासारखा राहिला नाही, आणि गावाला कळलं तेव्हा गाव थोडं चुटपुटलं, थोडं म्हणालं, "मंग बाईनं तवाच सांगायचं होतं ना." सचिवभाऊ मात्र एकदा मला चौकात भेटले, चहा सांगितला, आणि सगळा पिऊन होईपर्यंत काहीच बोलले नाहीत.

बाई कारंजाहूनच निवृत्त झाल्या. आता मुलाकडे, दूर राहतात. इकडे येणं होत नाही. पण जाण्याच्या आधी दर महिन्याला एखाद्या रविवारी एसटी बदलत बदलत त्या झाडे सरांकडे यायच्या. शेवटच्या खेपेला मी त्यांना थांब्यावरून घेऊन गेलो.

सर शेवग्याखाली खाटेवर बसले होते. बाईंना त्यांनी ओळखलं नाही. "या जी, बसा," म्हणाले, आणि बाई समोर बसताच तक्रार मांडायला सुरुवात केली. काकू मला हळूच म्हणाल्या, "दर वेळी हेच."

"आमच्या शाळेत एक मोठ्या बाई होत्या," सर सांगत होते. "बुटकी. त्या बाईनं माई दहावी काढली. भर सभेत मायावर ओरडली."

"अरे बाप्पा!" बाई म्हणाल्या. "तुमच्यावर?"

"मायावर! सगळ्या गावासमोर!"

"लय आगाव बाई दिसते."

"आगाव? एक नंबरची आगाव!" सरांना चेव आला. "कोणाले भेत नोती."

"मी ऐकलं हाय तिच्याबद्दल," बाई पुढे सरकून, हलक्या आवाजात म्हणाल्या. "खिचडी पण दोन दोन खेप खाये म्हणतात."

सर खो खो हसले. काकू पदर तोंडात कोंबून घरात गेल्या. मग सर हसता हसता थांबले. कपाळाला आठ्या पडल्या. बराच वेळ काही तरी शोधत राहिले. बाईंनी पुढचं सुचवलं नाही, वाट पाहिली.

"तुमाले ती बाई कधी भेटली," सर शेवटी म्हणाले, "तर इचारजा. पोरं निघाली काय म्हणा, दहावी."

बाईंचा चेहरा मला दिसत नव्हता. माझ्याकडे त्यांची पाठ होती.

"निघाली जी," त्या म्हणाल्या. "काही घसरली होती. पण मागून तीही निघाली."

"मंग ठीक हाय," सर म्हणाले. खाटेवर थोडे सरकले आणि बाईंना जागा करून दिली. "पण बाई आगावच होती."

"आगावच," बाई म्हणाल्या, आणि त्यांच्या शेजारी जाऊन बसल्या.